परवानगी कोणाला मागायची?

१९१६ च्या पावसाळ्यात, पुण्यापासून चार मैलांवर, हिंगणे बुद्रुक नावाच्या खेड्यात एक विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिथे काहीच नव्हतं. घड्याळाचा मनोरा नव्हता, दगडी ग्रंथालय नव्हतं, पहिल्या वर्गातल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पण खरं नवल याहून वेगळंच आहे. या विद्यापीठाला सनदच नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कायद्याने जन्माला आलं आणि पदवी देण्याचा अधिकार त्याला त्याच कायद्याने दिला. हिंगण्याच्या विद्यापीठाला तो कोणीही दिलेला नव्हता. तरी त्याला कुलपती होते, डॉ. रा. गो. भांडारकर. कुलगुरू होते, रँग्लर र. पु. परांजपे. सिनेट होती. अभ्यास पुरा करणाऱ्या मुलीला ‘गृहीतागमा’ ही पदवी मिळे आणि पुढे शिकलीच तर ‘प्रदेयागमा’. कायद्याने त्याला विद्यापीठ म्हणून दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं.

मधली पस्तीस वर्षं हे विद्यापीठ कोणाच्या अधिकाराने चाललं?

हिंगण्याला आता कर्वेनगर म्हणतात. वारज्याकडे जाणाऱ्या बसमधून उतरून महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात शिरलं की इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलींची गर्दी असते, आणि त्याच आवारात धोंडो केशव कर्व्यांची १९०० सालची झोपडी जपून ठेवलेली आहे. विधवांसाठीचा आश्रम कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात काढला. मग प्लेग आला आणि शहर सोडावं लागलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि बांधकामाला ७५० रुपये दिले. माळरान होतं, रस्ता नव्हता. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवायचं, मग लागेल ते सामान घेऊन शेतांच्या बांधांवरून आणि चिखलातून चालत हिंगणं गाठायचं, सकाळी परत कॉलेज. हा क्रम कित्येक वर्षं चालला. इतक्या चालण्यातून जे उभं राहिलं, त्याच्या पोटात राज्यशास्त्रातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे, हे मात्र आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही.

तो प्रश्न असा. एका माणसाने दुसऱ्याला ‘हे कर, ते करू नकोस’ असं सांगावं आणि दुसऱ्याने ते ऐकावं, हा अधिकार येतो कुठून? शतकानुशतकं उत्तर एकच होतं: वरून. देवाने राजाला दिला, राजाने सरदाराला, सरदाराने पाटलाला. सनद म्हणजे त्या उताराचा कागदी पुरावा. १६८९ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने हा सगळा उतारच उलटा फिरवला. त्याचं म्हणणं असं की माणूस जन्मतो तेव्हाच जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचे हक्क घेऊन जन्मतो. हे हक्क नीट सांभाळले जावेत म्हणून लोक एकत्र येऊन राज्य उभं करतात. म्हणजे राज्यसत्ता खालून वर चढते, आणि राज्यकर्ता लोकांचे हक्कच तुडवायला लागला तर ती पुन्हा खाली उतरवता येते. शंभरेक वर्षांनी, १७७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात दोन गोष्टी एकीशेजारी एक येऊन बसल्या: हक्क जन्मजात असतात, आणि सरकारला अधिकार मिळतो तो ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीने.

वाचताना दोन्ही इतक्या सहज पटतात की त्यांच्यातली फट दिसत नाही. मला ती दिसली ती लॉकमुळे नव्हे, हिंगण्याच्या इतिहासामुळे. पण आधी संमतीचंच घेऊ, कारण लॉक तिथे स्वतःच अडचणीत आला होता.

अडचण साधी होती. इंग्लंडच्या राजाला आपण संमती कधी दिली, हे त्याच्या वाचकांपैकी कोणालाही आठवत नव्हतं. लॉकने तोड काढली: तोंडाने ‘हो’ म्हटलं नसलं तरी या राज्यात राहता, इथल्या हमरस्त्यावरून निर्धास्त चालता, म्हणजे मूकसंमती दिलीच की! या हिशेबाने संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावर अडकलेला प्रत्येक माणूस दर मिनिटाला महापालिकेला नव्याने संमती देत असतो. तिथला एखादा दुचाकीवाला यावर काय बोलेल ते इथे छापता येणार नाही. पण त्याच्या बाजूने एक भारदस्त साक्षीदार आहे. डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली लॉकच्या या युक्तिवादाची पार चिरफाड केली. ह्यूमचा दाखला असा: एका माणसाला झोपेत उचलून जहाजावर नेलं. जाग आली तेव्हा सभोवार समुद्र. आता कप्तान म्हणतो, तू जहाजावर आहेस, उडी मारून गेला नाहीस, म्हणजे माझा हुकूम तुला मान्य आहे.

ह्यूमने हे लिहिलं तेव्हा त्याच्या मनात गरीब शेतकरी होता. गाव सोडून जाऊ शकत नाही, परक्या देशाची भाषा येत नाही, राहतो म्हणून संमती कशी? पण एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात झोपेत जहाजावर चढवलेली माणसं घरोघरी होती. पाच-सात-आठ वर्षांच्या मुली, मांडवात पेंगत असलेल्या. कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई, ज्यांना सगळे पुढे बाया म्हणत, त्या आठव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांनी कशाला संमती दिली होती? रखमाबाईंनी हाच प्रश्न कोर्टात उभा केला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, कारण लग्नाला त्यांची संमती कोणी घेतलीच नव्हती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने हुकूम काढला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. ह्यूमच्या जहाजावरून खरोखर उडी मारलेली ही मुलगी.

आता जोतीराव फुल्यांकडे यायला हवं, कारण जन्मजात हक्कांची कल्पना पुण्याच्या मातीत रुजवणारा माणूस तोच. १८४७ साली, विशीत असताना, त्यांच्या हातात टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ पडलं. पेन हा इंग्लंडातला एक काचोळ्या शिवणारा कारागीर. अमेरिकेत जाऊन क्रांतीचा लेखक झाला, मग फ्रान्सच्या क्रांतीच्या बाजूने १७९१-९२ मध्ये हे पुस्तक लिहिलं. एडमंड बर्कने म्हटलं होतं की वाडवडिलांनी घालून दिलेली व्यवस्था मोडू नये. पेनचं उत्तर: मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करता येत नाही. आणि वंशपरंपरेने राज्यकर्ता होणं हे वंशपरंपरेने गणिती होण्याइतकंच हास्यास्पद आहे. (कर्वे गणिताचेच प्राध्यापक. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वेही गणितच शिकवत, पण ते परीक्षा देऊन!)

फुल्यांनी पेनकडून काय घेतलं, याहून त्यांनी त्याचं काय केलं हे जास्त थक्क करणारं आहे. पेनसमोर वंशपरंपरागत राजा होता. फुल्यांनी इकडे तिकडे पाहिलं. इंग्रज साहेब वंशपरंपरेने आलेला नव्हता, तो बदलीवर आलेला होता. मग जन्माच्या जोरावर दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेलं इथे कोण आहे? त्यांनी राजाच्या जागी जात ठेवली, आणि पेनची सगळी तोफ त्या दिशेला वळवली. ‘गुलामगिरी’ हे १८७३ चं पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि अखेरच्या आजारपणात, उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने लिहून, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघाला. त्यात निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतःच स्वतंत्र आणि सारख्या हक्कांचं केलं आहे, ही गोष्ट ते पुनःपुन्हा बजावतात. लॉक आणि पेन ‘माणूस’ म्हणत तेव्हा बाई त्यात धरलेली आहे की नाही याची शंका राहते. फुले ती शंका शिल्लक ठेवत नाहीत, स्त्रीचं नाव वेगळं घेतात.

पण तत्त्वज्ञान पुस्तकात शोभतं. गावात त्याचं काय होतं? इथे मला या सगळ्या कथेतला सगळ्यात आवडता तपशील सांगायचा आहे: न बोलावलेल्या जोशीबुवांची दक्षिणा.

गावोगावी ग्रामजोशाचं वतन असे. लग्न लावणं हे त्याचं काम आणि दक्षिणा हा त्याचा हक्क, बापाकडून मुलाकडे जाणारा. २५ डिसेंबर १८७३ रोजी फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून पहिलं लग्न लावलं. मग अशी लग्नं वाढू लागली. तेव्हा जोशी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं: तुम्ही मला बोलावलं नाही, हा तुमचा प्रश्न, माझी दक्षिणा मला मिळाली पाहिजे. जुन्नर तालुक्यातल्या बाळाजी कुसाजी पाटलांवरचा असा दावा थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. जी सेवा मागितली नाही, घेतली नाही, तिचे पैसे देणं लागतो का, यावर मोठमोठे वकील आणि न्यायाधीश वर्षानुवर्षं डोकेफोड करत होते! आज आपल्याला हसू येतं. पण जरा सावकाश पाहिलं तर ‘संमतीवाचून सत्ता’ म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं दाखवणारं उदाहरण लॉकलाही सुचलं नसतं. दक्षिणेचा आकडा किरकोळ होता, आणि तरी दोन्ही बाजू इतक्या इरेला पेटल्या त्या संमतीच्या या प्रश्नामुळेच. अखेर १९२६ मध्ये सी. के. बोल्यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न केलेल्या धर्मकृत्याची दक्षिणा मागण्याचा हक्क संपला. पहिल्या सत्यशोधक लग्नापासून मोजलं तर त्रेपन्न वर्षं.

त्या लग्नांसाठी फुल्यांनी मंगलाष्टकं रचली, तीही पाहण्यासारखी आहेत. त्यात नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात. नवरी आपणहून अट घालते: आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तो हक्क देण्याची शपथ घेणार असशील तर बोल. नवरा सगळ्यांसमोर शपथ घेतो, मग लग्न लागतं. सरकार आणि प्रजा यांच्यातला करार युरोपात कोणी प्रत्यक्ष केलेला नव्हता, तो फक्त कल्पनेत होता. इथे तो मांडवात, दोनशे वऱ्हाड्यांसमक्ष होत होता.

आणि हा माणूस हेच नगरपालिकेतही करत असे. १८७६ पासून काही वर्षं फुले पुण्याच्या नगरपालिकेत सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. बाकी सगळ्या सभासदांनी होकार दिला आणि फुल्यांनी एकट्याने विरोध केला. हे पैसे करदात्यांचे, ते शिक्षणावर घाला. लोकांनी निवडलेलं कोणीच नसलेल्या त्या सभागृहात लोकांची बाजू घेणारा एक माणूस होता, एवढं त्यावरून कळतं.

इथपर्यंत कथा सरळ चालते. हक्क जन्मजात, सत्ता संमतीने, आणि दोन्ही मिळून जुलमाशी झुंजतात. मग मुरूड येतं.

मुरूड हे कोकणातलं दापोलीजवळचं गाव, कर्व्यांचं. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला बारीकसा वाटा गावासाठी द्यायचा, असा ‘मुरूड फंड’ कर्व्यांनी सोबत्यांसह काढला होता. कोणाची सक्ती नाही, सगळ्यांच्या राजीखुशीने बसवलेला कर. लॉकच्या पुस्तकात शोभला असता. आणि ११ मार्च १८९३ ला कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा याच मुरूडमध्ये सभा भरली. ठराव झाला: कर्व्यांवर बहिष्कार. गावात आले तर आईनेही घरात घेऊ नये. हा कोणा जुलमी राजाचा हुकूम नव्हता. सभा रीतसर होती, ठराव रीतसर होता, गावाची संमती होती.

ती फट म्हणतो ती ही. हक्क जन्मासोबत येत असेल तर तो कोणाच्याही मतावर अवलंबून नाही. गावातल्या सगळ्यांनी हात वर करून नाही म्हटलं तरी बायांचा पुन्हा लग्न करण्याचा हक्क उरतोच. पण सत्ता संमतीने येत असेल तर गावाने नाही म्हटलेलं तुम्ही गावात चालवणार कसं? एक म्हणतं, विचारू नका. दुसरं म्हणतं, विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. फुल्यांचा जोर पहिल्यावर होता. कर्व्यांनी, बहिष्कार भोगल्यानंतरही, दुसरा रस्ता धरला.

त्यांनी १८९३ मध्ये ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ काढली होती. दोन वर्षांत तिचं नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ केलं. म्हणजे लग्न करा असं आम्ही कोणाला सांगत नाही, करणाऱ्याला अडवू मात्र नका. आश्रमात तर ते आणखी मागे सरले. तिथे पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कारण उघड होतं. विधवा मुलीला शिकायला पाठवायचं की नाही हे तिचा बाप किंवा दीर ठरवणार. त्याला आपल्या मुलीचं लग्न लावून देतील अशी धास्ती वाटली तर तो पाठवणारच नाही. तेव्हा पालकांची संमती आधी. या हिशेबाची किंमत घरातच चुकती झाली. पुनर्विवाह केलेल्या बाया कर्व्यांना नवऱ्याने उभ्या केलेल्या आश्रमापासून दूर राहावं लागलं. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथेत ती सल लपत नाही.

मला कर्व्यांचा हा मार्ग पूर्ण पटत नाही, आणि तो सोडून दुसरा मार्ग होता असंही म्हणवत नाही. १८९६ मध्ये हक्काची भाषा बोलत बसले असते तर हिंगण्याच्या झोपडीत कोणी आलंच नसतं. आलेल्या मुली मात्र शिकून उभ्या राहिल्यावर कोणाला विचारायला गेल्या नाहीत. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, पुढे धड इंग्रजी येत नसताना अमेरिकेला गेल्या. केशवपन केलेल्या विधवेचा वेश त्यांनी बरीच वर्षं ठेवला आणि मग एके दिवशी स्वतःच्या मनाने डोक्यावर केस वाढू दिले.

केशवपनावरून एक आडवळण घेतो, ते टाळवत नाही. १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. पुढाकार कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा, म्हणजे सत्यशोधकांचाच. ठरलं असं की विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही. सोळाव्या शतकात एतिएन द ला बोएसी नावाच्या फ्रेंच तरुणाने विचारलं होतं की जुलमी राजाला दोनच हात असतात, मग तो लाखोंना छळतो कोणाच्या हातांनी? तुमच्याच. तुम्ही फक्त हात काढून घ्या. ला बोएसीचं नाव मुंबईच्या त्या सभेत कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण सगळ्या समाजाची सत्ता वस्तऱ्याच्या पात्यापर्यंत येऊन थांबते आणि ते पातं आपल्या हातात आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आता विद्यापीठाकडे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि भाषणात त्यांनी ही कल्पना मांडली: मुलींसाठी, मातृभाषेतून शिकवणारं विद्यापीठ. लोकांनी विचारलं, सरकार मान्यता देईल का? कर्व्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. विद्यापीठाला वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघ तयार केले. त्या मतदारांनी सिनेट निवडली. १९१६ च्या जूनमध्ये सिनेट भरली, तिने कुलपती-कुलगुरू ठरवले, अभ्यासक्रम ठरवले, आणि हिंगण्यात वर्ग सुरू झाले. ज्या देशात अजून बाईला कुठल्याही कौन्सिलसाठी मत नव्हतं, त्या देशात बायकांचं विद्यापीठ निवडणुकीतून जन्मलं. पुण्याजवळच्या खेड्यात, सनदेशिवाय, लॉकचं सबंध पुस्तक कोणीतरी लहान प्रमाणावर करून पाहिल्यासारखं.

मतदार व्हायला वर्गणी लागत होती, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं त्या मुलींकडे ती कुठून असणार? १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात कौन्सिलसाठी बायकांना मत मिळालं तेही मालमत्तेच्या अटीवर. संमतीचं दार या काळात नेहमी पैशाच्या बिजागरीवर फिरत होतं.

आणि सनद नसलेल्या पदवीचं मोल काय? ज्या शाळेने ‘गृहीतागमा’ बाईला शिक्षिका म्हणून घेतलं तिथे ती पदवी खरी, घेतलं नाही तिथे तो कागद. तसं तर प्रत्येक पदवीचं असतं. सरकारी शिक्का असला की आपल्याला ते दिसत नाही इतकंच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. पुढे मुख्य कचेरी मुंबईला गेली. आज नळस्टॉपजवळ एसएनडीटीचं आवार आहे तो या झाडाचा पुण्यात राहिलेला फाटा. १९५१ मध्ये कायद्याची मान्यता अमलात आली तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते, आणि त्यांच्या हयातीत ती मिळेल याची खात्री कोणीच दिली नसती.

उलट दिशेनेही हे घडलेलं आहे, आणि तेही महाराष्ट्रातच. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि हौशी चित्रकार, यांनी १९३८ मध्ये जाहीर केलं की सत्ता आता रयतेची. गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने, १९३९ मध्ये घटना झाली: गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुका, वर विधिमंडळ. राजाने आपणहून खाली उतरणं जगात फार वेळा घडलेलं नाही. पण लॉकचा वाचक इथे डोकं खाजवतो: हक्क जन्मजात असतील तर राजाने ‘दिले’ म्हणजे काय? औंधातल्या खुल्या तुरुंगावरून पुढे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. संस्थानाची ती घटना विस्मरणात गेली. आणि चारच वर्षांनी त्याच साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, १९४३ ते १९४६. त्याला ना राजाने काही दिलं होतं ना ब्रिटिशांनी. न्यायदान मंडळं होती, लोक तंटे घेऊन येत होते. संमती होती. तिच्यात धाक किती मिसळलेला होता, हा प्रश्न गावोगावच्या आठवणी ऐकताना सुटत नाही.

राज्यघटनेने या दोन भांडणाऱ्या कल्पनांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क: तिथे बहुमताला प्रवेश नाही, तेराव्या कलमाप्रमाणे हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. आणि दुसरीकडे प्रौढ मताधिकार: तेव्हा एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, वर्गणी नाही, शेतसारा नाही, शिक्षणाची अट नाही. मुरूडची सभा आता भरली तर तिला बहिष्काराचा ठराव करता येणार नाही, पण सरकार निवडता येईल.

आणि तरी पहिल्याच निवडणुकीत ही घडी विस्कटली. १९५१-५२ च्या मतदारयाद्या होत होत्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत लाखो बायका यादीवाल्याला आपलं नाव सांगेनात. लिहा, अमक्याची बायको. लिहा, तमक्याची मुलगी. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून सांगितलं, नावं नोंदवायला मुदतही वाढवून दिली, आणि तरी नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. मताचा हक्क त्यांचा होता, तो कोणी काढून घेतला नव्हता. पण कोणाची तरी बायको म्हणून दिलेलं मत नेमकं कोणाचं धरायचं? मला वाटतं सेन यांचं बरोबर होतं. २८ लाख हा आकडा गिळायला जड जातो हे खरं, पण नवऱ्याच्या नावाखाली त्या बायका मोजल्या असत्या तर पुढच्या निवडणुकीतही त्यांना कोणी नाव विचारलं नसतं.